दोन्ही हातांचं कुंकू

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अनंत परातेनं एक तांब्याची तार जागेवर बांधायची सोडून खिडकीत ठेवून दिली. का, तर ती हिरवी पडली होती आणि पूजेच्या फोटोत वाईट दिसली असती. शिकलेल्या माणसाची हौस अशीच असते. ती कुणाच्या जिवावर बेतेल याचा तिला पत्ता नसतो.

अनंत हिंगणा रोडच्या टोकाला असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विजेचं शिकवायचा. तिथली उच्च दाबाची प्रयोगशाळा त्याच्या ताब्यात होती. आतल्या ठिणग्यांचा बाहेर त्रास नको म्हणून त्या खोलीला चारी बाजूंनी आणि छतालाही लोखंडी जाळी ठोकलेली होती. मुलं तिला पिंजरा म्हणायची. आत पाऊल टाकलं की मोबाइलची रेंज जायची आणि मास्तर सोडेपर्यंत सुटका नसायची.

पिंजऱ्याच्या मधोमध लाकडी फळ्यांवर एक लोखंडी घोडी आणि घोडीवर जुना कपॅसिटर बसवलेला होता. धान्याच्या कोठीएवढी पत्र्याची पेटी, आणि तिच्या डोक्यावर चिनी मातीच्या बुंध्यांतून वर आलेले दोन पितळी खुंट. आत धातूच्या पातळ पाट्या एकमेकींना तोंड करून उभ्या, मधे तेलात भिजवलेला कागद. अर्ध्या पाट्या एका खुंटाच्या, अर्ध्या दुसऱ्याच्या. त्यांना एकदा वीज पाजली की बटण बंद करूनही त्या ती सोडत नाहीत, पोटाशी धरून बसतात. म्हणून काम संपलं की दोन्ही खुंट जाड तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधून ठेवायचे, असा तिथला नियम होता. तो नियम मुलांना घसा ताणून सांगणारा माणूस अनंतच.

त्या दिवशी दुपारी मुलांना प्रयोग दाखवून झाला आणि अनंतला विभागप्रमुख मॅडमनी पूजेच्या तयारीसाठी बोलावलं. तेवढ्यात लॅबच्या हेमराजला घोडी रंगवायची घाई झाली. दोनपैकी एक खुंट एका पट्टीनं कायम जमिनीशी जोडलेला असायचा; रंगाच्या आड येते म्हणून हेमराजनं ती पट्टी सोडवून ठेवली. अनंत परत आला तो फोनवर बोलतच; आत शिरताच रेंज गेली, तरी डोकं त्या बोलण्यातच होतं. त्यानं अर्थिंगचा, म्हणजे तारेनं जमिनीशी जोडलेला दांडा उचलून सवयीनं दुसऱ्या खुंटाला टेकवला. वाळकी काडी मोडावी एवढा आवाज झाला. झाला वाटतं रिकामा, असं त्याच्या मनानं ठरवलं. पट्टीकडे त्याचं लक्षच गेलं नाही. खुंट सकाळीच चिंचेनं घासून सोन्यासारखे झाले होते. त्यांच्यावर ती हिरवी तार चढवायचा त्याला धीर झाला नाही.

आता या हौसेमागं काय होतं तेही सांगितलं पाहिजे. विभागाची रीत होती की नवमीला पहिलं कुंकू एखाद्या कुमारिकेच्या हातून लागावं, आणि या वर्षी तो मान अनंतच्या नूपुरला मिळाला होता. नूपुर तिसरीत होती. अंगात आल्यासारखी दिवसभर बडबडायची, आणि आजोबांच्या शब्दाबाहेर नव्हती.

आजोबा म्हणजे रुपराव. तांडापेठेत जन्मभर हातमागावर लुगडी विणलेला माणूस. माग कधीच मोडीत गेला होता, पण त्याचे दोन खांब त्यांनी बैठकीत उभे करून ठेवले होते. दर नवमीला त्यांची पूजा व्हायची, आणि ती पराते घराण्याच्या पद्धतीनं व्हायची. दोन्ही तळवे ओल्या कुंकवात बुडवायचे आणि दोन्ही खांबांना एकदमच लावायचे. एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून लावलं तर दुसरा खांब रुसतो आणि कापड तिरपं निघतं, असं रुपराव म्हणायचे. कापड निघायचं बंद होऊन किती वर्षं झाली होती, पण नूपुर ते अगदी मनापासून करायची.

दोघांचा एक खेळही होता. पूर्वी मागावर सूत तुटलं की रुपराव ओरडायचे, "सूत तुटलं!" आणि हाताखाली बसलेल्यानं त्या क्षणी दोन्ही हात वर करायचे, नाहीतर सगळा गुंता व्हायचा. सूत सांधून झाल्यावर "जोडलं" म्हणेपर्यंत हात खाली आणायचे नाहीत. लहानपणी हे चुकलं म्हणून अनंतनं पाठीत धपाटे खाल्ले होते. नूपुरसाठी मात्र तो खेळ झाला होता. जेवताना, वेणी घालताना, कधीही तिचे आबाजी ओरडायचे आणि ही हात वर करून पुतळा व्हायची. आई सुमती वैतागायची, कारण हातातला घास वरच राहायचा.

नूपुरनं कपॅसिटर आधी एकदा पाहिला होता. ते दोन पितळी खुंट बघून ती म्हणाली होती की हा तर आबाजीचा माग आहे. अनंतला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. नवमीच्या सकाळी घरून निघताना त्यानंच तिला बजावलं, "तिथंही तसंच लावजो, माय. दोन्ही हातानं. सगळ्यायले दिसू दे आपली रीत."

मग हेमराज आजोबा-नातीला ऑटोत घालून कॉलेजला घेऊन गेला आणि अनंत फुलं आणायला सीताबर्डीला उतरला. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या माणसांनी रस्ते भरले होते, निम्मे चौक पोलिसांनी बंद केले होते. म्हणून त्यानं स्कूटर घरीच ठेवली होती. झेंडूच्या फुलांची पिशवी घेऊन तो मेट्रोत चढला तेव्हा त्याला अगदी प्रसन्न वाटत होतं. डब्यात पांढऱ्या साड्यांतल्या बाया, कडेवरची पोरं, कुणाच्या हातात निळा झेंडा. एका आजीनं त्याच्याकडे एक फूल मागितलं, त्यानं मूठभर दिली.

झाशी राणी चौक गेला आणि फोन वाजला. चिन्मयी होती, दुसऱ्या वर्षाची, वर्गातली सगळ्यात चिकट विद्यार्थिनी. सुट्टीच्या दिवशी त्रास देऊन राहिली म्हणून तिनं आधी माफी मागितली. दसरा झाला की पेपर होता आणि एक शंका काही सुटत नव्हती.

"सर, दोन पाट्या समोरासमोर आहेत. एकीवर प्लस चार्ज, दुसरीवर तेवढाच मायनस. बॅटरी काढून घेतली. आता फक्त एकच पाटी अर्थिंगला जोडली, तर तिच्यावरचा किती चार्ज जमिनीत जाईल?"

मास्तरांची उत्तरं जिभेवर असतात, हातांना ती ठाऊक असतीलच असं नाही. अनंतनं डोळे मिटूनही सांगितलं असतं. काहीच जाणार नाही, तो म्हणाला. दोघींचा चार्ज आतल्या बाजूंना, समोरासमोरच्या अंगांवर गोळा झालेला असतो. प्लसनं मायनसला ओढून धरलेलं, मायनसनं प्लसला. सगळं विद्युतक्षेत्र त्या दोघींच्या मधल्या फटीतच कोंडलेलं असतं, बाहेर त्याचा मागमूसही नसतो. एकीला जमीन दाखवली तर बाहेरच्या अंगावर चुकून राहिलेला थेंबभर चार्ज तेवढा जाईल, एखादी बारीक ठिणगी दिसेल. आतला जसाच्या तसा. तो जायला दोन्ही पाट्या एकमेकींना जोडाव्या लागतात.

"म्हणजे अर्थिंग करणाऱ्याला वाटेल की गेला," चिन्मयी म्हणाली, "आणि तो आतच राहील."

"हो," अनंत म्हणाला, आणि त्याच्या कानात ती वाळकी काडी मोडली.

आधी त्याला नीट कळलं नाही. मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर आली. काल दिसूनही न बघितलेली, जमिनीवर पडलेली पट्टी. घोडीखालच्या लाकडी फळ्या. एकाच खुंटाला टेकवलेला दांडा. खिडकीतली तार. चिन्मयी पलीकडून सर, सर करत होती. त्यानं फोन कानावरून काढला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला. काल दुपारी भरलेला कपॅसिटर भरलेलाच होता. रात्रभर तो गप्प बसला होता, कारण गप्प बसणं हेच त्याचं काम.

आणि मग त्याला दुसरी गोष्ट आठवली. हेमराजनं, मॅडमनी, कुणीही कुंकू लावलं असतं तर एका बोटानं लावलं असतं, आधी एका खुंटाला, मग दुसऱ्याला. एका वेळी एकच खुंट शिवणाऱ्याला फार तर चिमटा बसला असता. दोन्ही खुंटांना एकदम हात लावणाऱ्याच्या मात्र एका हातातून शिरून, छातीतून, दुसऱ्या हातातून तो सगळा चार्ज गेला असता. असं कुंकू लावणारी त्या खोलीत एकच होती. तिला ते घरी शिकवलं होतं, आणि तिथंही तसंच लाव म्हणून सकाळी बापानं सांगून पाठवलं होतं. हात ओले असणार होते, तेही त्याला आठवलं.

त्यानं हेमराजला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मॅडमना लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ऑफिसचा फोन वाजत राहिला. सुट्टी होती, तिथं कोण असणार. त्यानं पुन्हा हेमराजला लावला आणि तीच बाई त्याच गोड आवाजात तेच बोलली. याचा अर्थ त्याला ठाऊक होता. सगळे पिंजऱ्यात गेले होते. पूजा मांडली होती.

मेट्रो शंकरनगरला थांबली. दारं उघडली, माणसं उतरली, चढली, दारं मिटली. गाडीला कसली म्हणून घाई नव्हती. अनंत उठून दारापाशी गेला, जणू तिथं उभं राहिल्यानं ती लवकर पोचणार होती. उतरून रिक्षा करावी असं वाटलं, पण खाली रस्ता माणसांनी भरलेला दिसत होता. आयुष्यात एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती. सुमती बाळंतपणात अडली होती तेव्हाही नाही, कारण तेव्हा निदान डॉक्टर होते, आणि चूक त्याची नव्हती. सुमतीला फोन करावा असं एकदा मनात आलं. करून काय सांगणार होता?

तो गर्दीत उभ्या उभ्या हिशेब लावू लागला. हारांशिवाय पूजा कशी होईल? फुलं आपल्याकडेच आहेत, थांबतीलच. पण कुंकवाला फुलं कुठं लागतात? कुंकू तर आधीच लावतात. मॅडमना घरी जायची घाई असते. पट्टी पाहून कुणाच्या तरी ध्यानात येईल. पण ध्यानात यायचं तर ते आपल्याच यायला हवं होतं, काल. सुभाषनगर गेलं, उजवीकडे अंबाझरीचं पाणी चमकलं. लोक खिडकीकडे वळले, कुणी पोराला तलाव दाखवला. त्या पोराच्या आईचा हात पोराच्या छातीवर होता. अनंतनं मान फिरवली.

फूल मागणाऱ्या आजीनं त्याला विचारलं, "काहून गा, बाबू? बरं वाटून नाही राहिलं का?" तिनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं बाटली घेतली आणि न पिताच परत केली. पोरीकडे चाललो आहे, एवढंच तो म्हणाला. पोचशील, पोचशील, असं म्हणून आजीनं त्याच्या दंडावर थोपटलं.

लोकमान्यनगरला दारं उघडताच तो धावत सुटला. फुलांची पिशवी जिन्यात आपटली, झेंडू पायऱ्यांवरून घरंगळत गेले. खाली एक ऑटोवाला चहा पीत होता. अनंतचं तोंड बघून त्यानं भाडंही ठरवलं नाही, अर्धा कप टाकून गाडी सुरू केली. सबंध रस्ताभर अनंत फोन लावत होता आणि ती बाई तेच सांगत होती. आता ते ऐकण्यातच त्याला थोडा आधार वाटत होता. काही झालं असतं तर कुणीतरी बाहेर पळालं असतं, अँब्युलन्सला फोन केला असता. फोन बंद आहेत म्हणजे अजून काही झालेलं नाही. मग त्याच्या मनात आलं की झालं असेल तर आत्ता, या क्षणीही होत असेल.

कॉलेजच्या फाटकापाशी अँब्युलन्स नव्हती. माणसंही नव्हती. जिन्यात अगरबत्तीचा वास भरला होता. तो पायऱ्या चढला तेव्हा त्याला वरून हसण्याचा आवाज ऐकू आला, आणि त्याचे डोळे भरून आले. पोचलो, असं त्याला वाटलं.

आत सगळे जाळीच्या कडेनं उभे होते. मॅडम, चार-दोन मास्तर, मोबाइल उंच धरून फोटोला तयार असलेला हेमराज. रुपराव धोतर-टोपीत खुर्चीवर बसले होते. आणि कपॅसिटरसमोर एका स्टुलावर, जांभळ्या परकर-पोलक्यात, नूपुर उभी होती. तिचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत लाल होते आणि कुंकू सांडू नये म्हणून तिनं ते छातीसमोर धरले होते. समोरचे खुंट लखलखत होते, कोरे. बाबा आल्याशिवाय मी लावणार नाही, बाबाला दिसलं पाहिजे, असा हट्ट धरून तिनं एवढा वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं. हे त्याला नंतर कळलं.

"आले सर," हेमराज म्हणाला. "लाव वं माय आता."

नूपुरनं मान वळवून बापाकडे बघितलं आणि हसली. ज्याच्यासाठी ती थांबली होती तो दारात आला होता. जीव तोडून धावत आला नसता तर ती अजून थांबली असती. तिनं तोंड खुंटांकडे केलं आणि दोन्ही हात पुढं नेले.

मधे अर्ध्या खोलीचं अंतर होतं. नको म्हणून ओरडलो तर ती दचकेल आणि तोल सावरायला जे हाताशी येईल ते धरेल. हाताशी दोन खुंटच होते. थांब म्हटलं तर मागं वळून काहून म्हणून विचारेल, पण हात पुढंच राहतील. हे सगळं त्यानं विचार करून ठरवलं असं नाही. त्याच्या तोंडून बापाचा आवाज निघाला, तांडापेठेतल्या त्या अंधाऱ्या खोलीतला, धपाट्याच्या आधीचा.

"सूत तुटलं!"

नूपुरचे हात ताडकन डोक्याच्या वर गेले. कुंकवाचे दोन थेंब पेटीवर पडले.

कुणालाच काही कळलं नाही. मॅडम हसल्या. रुपराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पोराचं तोंड पाहिलं, खुर्चीवरून उठले, नातीला मागून कमरेत धरून स्टुलावरून उचललं आणि जाळीच्या बाहेर घेऊन गेले. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. अनंतनं सगळ्यांना बाहेर काढलं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मॅडमही निमूट निघाल्या. मग त्यानं खिडकीतली तार घेतली. तिचं एक टोक लांब दांड्यानं एका खुंटावर अडकवलं आणि त्याच दांड्यानं दुसरं टोक दुसऱ्या खुंटाकडे नेलं.

अजून बोटभर अंतर होतं तेव्हाच पांढरा जाळ झाला आणि बंदुकीसारखा बार उडाला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. डोळ्यांपुढची चमक विरली तेव्हा तारेचं टोक वितळून त्याचा काळा गोळा झालेला दिसला. पितळी खुंटाचाही एक टवका उडाला होता, बरोबर तिथं, जिथं लहान मुलीचा तळवा टेकला असता. बाहेर हेमराज भिंतीला टेकून खाली बसला.

अनंतनं तार दोन्ही खुंटांना घट्ट पिळून बांधली, पुन्हा पुन्हा पिळली. मग तो बाहेर आला. नूपुर आजोबांना चिकटून उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात अजून तसेच वर होते. कुंकू ओघळून कोपरापर्यंत आलं होतं, नव्या पोलक्याच्या बाह्या लाल झाल्या होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "माझे हात दुखून राहिले."

काय म्हणायचं ते अनंतला ठाऊक होतं. एकच शब्द होता. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, तोंड उघडलं, पण शब्द काही केल्या निघेना. ती त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. शेवटी रुपरावांनीच तिचे लाल हात आपल्या सुरकुतलेल्या हातात धरले आणि हळूहळू खाली आणले.

"जोडलं, माय," ते म्हणाले. "जोडलं."